मचव्याची पहिली फेरी

सुकापूर, नवीन पनवेल
१२ जानेवारी २०२५

निनाद,

वर 'चि.' लिहिणार होते. पण तू एक्केचाळीसचा झालास, आणि मोठ्या बहिणीकडून चिरंजीव म्हणवून घ्यायचं तर अधूनमधून घरी यावं लागतं. तेव्हा नुसतं निनाद.

कागदावरचं पत्र बघून दचकला असशील. तुझा फोन सहा वर्षं माझ्यासाठी बंद आहे आणि मेल जाऊन पडतात कुठे ते तुलाच ठाऊक. बंगळूरचा हा पत्ता अंकिताने दिला. आपल्या 'मचवा' गेमची चित्रं काढणारी अंकिता. तिच्यावर चिडू नकोस, मी तिला घरी बोलावून थालीपीठ खायला घातलं आणि मग विचारलं.

पत्राचं कारण आई. रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवला की विचारते, "निनादला पत्र टाकलंस का?" मी म्हणते, हल्ली कोणी पत्रं टाकत नाही, फोन असतो. ती म्हणते, "फोन नको. पत्र टाक." म्हटलं एकदा टाकून मोकळं व्हावं, म्हणजे तिचा धोशा थांबेल.

बाकी आई ठीक आहे. गुडघे दुखतात. भूक चांगली आहे.

दुसरी बातमी अशी की मचवा बंद होतोय. एकतीस मार्चला. पाच, सहा, सात हे तिन्ही भाग सिंगापूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, तो सर्व्हर त्या दिवशी उतरवणार. एक ते चार तर कधीचेच कुठे मिळत नाहीत. मेलमध्ये मला 'प्रिय संस्थापक' म्हटलं आहे आणि चाहत्यांसाठी निरोपाचे दोनशे शब्द मागितले आहेत. तुलाही मेल गेला असेल. तू बहुतेक न उघडता पुसलास.

वाचून मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं म्हणून पुन्हा एकदा वाचला. मग कुकर लावला.

ताई


सुकापूर
३० जानेवारी

निनाद,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

मागचं पत्र मी आईला वाचून दाखवलं, तिच्यासमोर पाकीट बंद केलं, तिला रिक्षात घालून पोस्टापर्यंत नेलं आणि तिच्याच हाताने पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी चहा झाला आणि, "निनादला पत्र टाकलंस का?" म्हटलं, "अगं, काल तूच टाकलंस." तर म्हणाली, "मग उत्तर कुठाय?" ह्याचं उत्तर मी कुठून आणू? तुझ्याकडे काही असेल तर कळव.

दोनशे शब्द लिहायला तीनदा बसले. बावीस वर्षं दोनशे शब्दांत बसवायची म्हणजे हत्ती रिक्षात घालण्यासारखं. मग वाटलं, चाहत्यांना नंतर लिहू, आधी तुला लिहावं. तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण आईला वाचून दाखवताना ती मध्येमध्ये हसते.

सुरुवात उरणजवळच्या मोऱ्याच्या धक्क्यावरून. आजोबा तिथे लाँचची तिकिटं फाडायचे. ओहोटीला मोऱ्याला नुसता गाळ, लाँच धक्क्याला लागतच नाही, मुंबईला जाणारं माणूस पिशव्या घेऊन उभंच्या उभं. म्हणून आजोबांनी आईला सातव्या वर्षी पाऊणकीचा पाढा शिकवला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. आईने ते आपल्याला गंमत म्हणून सांगितलं आणि तू कॉलेजातून येऊन त्याचा गेम केलास. कोपऱ्यात कॅलेंडरचा एक चौकोन, त्यात फक्त तिथी. गणित मनात करायचं, भरती आली की दोर सोडायचा, माणसं आणि भाजीच्या पाट्या घेऊन पलीकडे जायचं. घाई केली की मचवा गाळात आणि प्रवासी तोंडाला येईल ते बोलणार. त्या शिव्या मी लिहिल्या होत्या. बाबांनी त्यातल्या दोन काढायला लावल्या आणि एक स्वतः सुचवली.

तो आवाज आठवतो? मचवा सुटताना खलाशी ओरडतो तो? एकोणीस वर्षांचा तू, घुमावा म्हणून न्हाणीघरात बसून, "दोर सोऽऽड! मचवा सुटलाऽऽ!" पंचवीस वेळा. शेवटी बाबांनी दार वाजवून विचारलं, सुटला असेल तर मी आंघोळ करू का.

आणि तेव्हा ठरलेला नियम. कुठलाही भाग पुरा झाला की पहिली फेरी आई खेळणार. ती प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, आपण मागे उभे. तुझ्या हातात घड्याळ, माझ्या हातात वही. कोणी बोलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. आईने एकही प्रश्न न विचारता फेरी पुरी केली तर गेम तयार. अडली तर पुन्हा करायचं. तूच म्हणाला होतास, "आईला जमलं तर सगळ्यांना जमेल. आईला अडलं तर चूक आपली." वाक्य तुझं आहे. मी फक्त पाळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत सीड्या, मग बटणांच्या मोबाइलवर दुसरा भाग, मग बोटाने सरकवायचा तिसरा. चौथ्याच्या वर्षी आपण मिठाईच्या दुकानावरच्या ऑफिसात बेचाळीस माणसं होतो, आणि वडाळे तळ्यावर विसर्जनाला पोरं "दोर सोऽऽड" ओरडत होती. तू माझा दंड धरून म्हणालास, "ताई, माझा आवाज." तुझे डोळे भरले होते. मी म्हटलं धूर आहे. धूर नव्हता.

आई इथे हसली नाही. म्हणाली, "सुटला का मचवा?" म्हटलं, सुटला.

ताई


१६ फेब्रुवारी

निनाद,

कंपनीला दोनशे शब्द पाठवले. 'आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत' वगैरे. त्यांना आवडले.

खरं लिहायचं तर एवढंच: पाचव्या भागातून तिथी काढली आणि हिरवा बाण घातला. बाण सांगेल तेव्हा दोर सोडा. सहाव्यात दोर आपोआप सुटायला लागला. सातव्यात पडद्यावर एक हात येतो आणि कुठे बोट ठेवायचं ते दाखवतो, आणि ठेवलं नाही तर थोडा वेळ थांबून स्वतःच ठेवतो. रत्नागिरीच्या एका मुलाने लिहिलं होतं, हा गेम खेळायला माणूस लागत नाही. मी ते वाचून हसले. त्याच्या आदल्या आठवड्यात आपली शेवटची अकरा माणसं गेली होती. त्याच सुमारास मी गेम सिंगापूरच्या कंपनीला देऊन टाकला.

लोक विचारतात मचवा का बुडाला. मी सांगते, बाजार बदलला, मुलांना वेळ नाही, हल्ली तिथी कोणाला कळते. चांगलं उत्तर आहे. इतकी वर्षं पुरलं.

तू विचारलं नाहीस तरी सांगते, मी हल्ली घरूनच थोडंफार काम करते. दिवसभर सखूबाई असते. डोंगरालगतच्या वाडीवरची. आधी वीटभट्टीवर जायची. आईला आंघोळ घालते, फिरायला नेते. गुडघ्यांमुळे.

एक गंमत सांगते. दोन वर्षांपूर्वी आई कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरली ती दुपारपर्यंत आलीच नाही. मी मंडई पालथी घातली, स्टेशन पालथं घातलं. तीन वाजता मोऱ्याच्या धक्क्यावरून कोणाचा तरी फोन. बाईंच्या पाकिटात हा नंबर आहे. ही बया एसटीने उरणला, तिथून रिक्षाने मोऱ्याला. मी पोचले तर तिकिटाच्या खिडकीशी उभी राहून रांगेतल्या लोकांना सांगत होती, "ओहोटी आहे, उगाच ताटकळू नका, साडेचारला सुटेल." खिडकीतला माणूस मला म्हणाला, "म्याडम, तुमची आई बोलतेय ते बरोबर हाय. साडेचारलाच सुटणार." षष्ठी होती.

मी तिला विचारलं, "इथे कशी आलीस?" ती म्हणाली, "बाबांचा डबा राहिला होता." तिच्या बाबांचा, म्हणजे आजोबांचा.

गंमत म्हणून सांगायला घेतलं होतं. वाचून बघितलं तर गंमत वाटत नाही. राहू दे, खोडाखोड केली की आई विचारते काय खोडलंस.

ताई


६ मार्च

निनाद,

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही.

आईला विसरण्याचा आजार आहे. मोऱ्याच्या त्या दिवसानंतर पनवेलच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "कधीपासून वाटतंय?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मचवा पाचपासून." त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन गेले.

ती वही. पहिला भाग, सहा मिनिटं, प्रश्न एकही नाही. दुसरा, पाच. तिसरा, पावणेचार, पुढे तुझ्या अक्षरात 'आई जिंदाबाद'. चौथा, सात, आणि माझ्या अक्षरात 'चष्म्याचा नंबर?' पाचवा, एकोणीस मिनिटं, तीन प्रश्न. तिथी काढून पुन्हा, नऊ. सहावा, एकतीस. दोर आपोआप सोडून, बारा. सातवा, अपुरा. हात घालून, दहा.

डॉक्टरांनी पानं मागेपुढे केली आणि म्हणाले, "इतकी जुनी नोंद मला आजवर कोणी आणून दिलेली नाही. त्या वेळीच का आणली नाहीत?"

काय सांगणार? आम्ही दर वेळी गेम दुरुस्त करत होतो, डॉक्टर. आई अडली की चूक आमची, असा नियम होता. ती विसरत गेली आणि मी गेम सोपा करत गेले. चार वर्षं. बेचाळीस माणसांचा धंदा मी माझ्या आईच्या आजाराच्या मापाने कापत नेला, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही की कापड ठीक आहे, मापच बिघडलंय.

तुझ्या डोक्यात आलं होतं. हे लिहायला मला तीन पत्रं लागली.

ऑक्टोबर २०१८, पाचव्याची पहिली फेरी, ऑफिसात सगळे मागे उभे. आई पडद्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "आता काय करायचं?" तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी सांगितलं, तिथी काढा. तू म्हणालास, तिथी काढली तर मचवा उरतच नाही. मी तुझंच वाक्य तुला ऐकवलं. तेव्हा तू हळूच म्हणालास, "ताई, गेमला काही झालेलं नाही. आईला काहीतरी झालंय."

आणि मी तुझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. म्हटलं, "गेमसाठी आईला खुळी ठरवतोस?" तू घड्याळ टेबलावर ठेवलंस आणि जिना उतरून गेलास. आई रिक्षात मला म्हणाली, "त्याला बोलू नकोस गं. माझंच चुकलं." मी तिला म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही. तिला खरं कळत होतं, तुला कळत होतं, आणि मी एकटी शहाणी.

माझं चुकलं, निनाद. तू बरोबर होतास. त्या दिवशी ऐकलं असतं तर चार-पाच वर्षं आधी औषध सुरू झालं असतं. फार फरक पडला नसता असं डॉक्टर म्हणतात. ते सगळ्यांना तसंच म्हणत असतील.

अजून एक आहे. गेल्या आठवड्यात सखूबाई म्हणाली, "ताई, आईंना समदं येतंय. तुमी इचारलं की मंग नाय येत." तिला म्हटलं, काय येतंय? तिने आईला भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभं केलं. तेव्हापासून आई रोज आकड्यांवर बोट फिरवत सांगते. "आज सप्तमी. सव्वापाचला भरती." असं आज. काल साडेचार म्हणाली. परवा पावणेचार. एकदाही चुकली नाही.

मग मी माळ्यावरून तो बाबांचा जुना संगणक उतरवला. सुरू झाला. त्यात पहिला मचवा अजून आहे. आईला खुर्चीवर बसवलं. तिने तिथी बघितली, पुटपुटली, "चार पाऊण तीन," आणि पडद्यावरच्या घड्याळात बरोबर तीनला माउसचा बाण दोरावर नेऊन ठेवला.

तिला तिथी कधी अडली नव्हतीच. पाचव्यात तिला अडला तो नवा पडदा, नवी बटणं. मी काढून टाकलं ते तिला येणारं एकुलतं एक.

पण ती दोर सोडत नाही. संगणकाचा आवाज गेलाय. दुकानात दाखवला, तो मुलगा म्हणाला याचे भाग मिळत नाहीत. खलाशाची हाक ऐकू येत नाही, म्हणून ती दोरावर बाण ठेवून बसून राहते. काल पाऊण तास बसली होती. मी म्हटलं, "सोड ना." तर म्हणाली, "अजून म्हणाला नाही."

डॉक्टर म्हणतात, नावं आणि माणसं आता झपाट्याने जातील. सखूबाईला ती कधीकधी माझ्या नावाने हाक मारते आणि मला कोणत्याच नावाने नाही. पण तुझं नाव रोज घेते. ते किती दिवस घेईल मला माहीत नाही.

ये. मला माफ करायला येऊ नकोस, ते राहू दे. तिला तुझं नाव आहे तोवर ये.

चारुता


२४ मार्च

निनाद,

तुझं कार्ड आलं. पोस्टकार्ड अजून मिळतात हे मला माहीत नव्हतं. 'चतुर्थीला येतो. निनाद.' तीन शब्द. तूही काही कमी नाहीस.

आईच्या हातात दिलं. तिने उलटंसुलटं केलं, मग वाचलं. मोठ्याने. "चतुर्थी म्हणजे तीन. तीनला येईल." तेव्हापासून कार्ड उशाखाली आहे. रोज सकाळी बाहेर काढते, रोज नव्याने वाचते, आणि रोज तीन वाजता जिन्याकडे तोंड करून बसते. रोज चतुर्थी नसते हे सांगण्यात अर्थ नाही. सखूबाई तिला म्हणते, "आज नाय आई, आज पानी लांब हाय," आणि ते तिला पटतं.

पण पत्राचं विचारणं चार दिवस बंद होतं. तुझं उत्तर आलंय म्हणून, की विसरली म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. मी चारही दिवस चहा झाल्यावर कप उचलायला उशीर केला. काल पाचव्या दिवशी विचारलं. मी कप घेऊन आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. म्हणजे रडले असावे, कारण सखूबाईने पदर पुढे केला. मला स्वतःला काही कळत नव्हतं.

पहिली एप्रिल आहे त्या दिवशी. कोणी एप्रिल फूल केलं असं व्हायला नको.

ताई


२ एप्रिल

निनाद,

तू पलीकडच्या खोलीत बसून संगणकाचं मागचं झाकण उघडतो आहेस. सखूबाई तुला बॅटरी धरून दाखवते आहे. तरी हे पत्र लिहिते आहे. का ते शेवटी सांगते.

काल तू दीडलाच आला होतास. वॉचमनने सांगितलं मला, एक साहेब गेटसमोरच्या टपरीवर दीड तास बसून चार चहा प्यायले. पोस्टकार्डावर चतुर्थी लिहिली म्हणून तीन वाजेपर्यंत बाहेर बसणारा माणूस जगात एकच असेल. आईने इस्त्रीची साडी नेसली होती. तू पहिल्या पगारातून आणलेली ती, निळी. सांगितलं नव्हतं कोणी.

दार मीच उघडलं. काय बोलायचं ते दोन आठवडे ठरवत होते, आणि म्हटलं काय, तर "चपला आत काढ, बाहेर चोरीला जातात." तुझे केस पांढरे झालेत. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ताई, तू बारीक झालीस." एवढंच. बरं झालं. त्याहून जास्त मला पेललं नसतं.

आईने तुला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "निनाद." ती म्हणाली, "हो का? बसा." आणि पुन्हा जिन्याकडे बघायला लागली.

तुझा चेहरा मी बघितला नाही. मुद्दामच नाही बघितला. पाणी आणायला गेले.

मग तू म्हणालास, खेळ लाव. तिला खुर्चीवर बसवलं. आपण मागे उभे राहिलो, तू डावीकडे, मी उजवीकडे, आपोआपच. वही मी आधीच काढून ठेवली होती. तू खिशातून फोन काढून वेळ लावलीस. सखूबाई विचारायला लागली, "काय चाललंय?" तर आपण दोघांनी एकदम तोंडावर बोट ठेवलं.

तिथी अष्टमी आली. "आठ पाऊण सहा." पडद्यावरच्या घड्याळात सहा वाजू दिले. बाण दोरावर. आणि थांबली. एक मिनिट, दोन मिनिटं. मान किंचित कलती करून ती ऐकत होती. तीन मिनिटं. मला माहीत होतं ती कशाची वाट बघते आहे, तुलाही माहीत होतं, आणि आपला नियम होता की कोणी बोलायचं नाही.

तू बोललास.

"दोर सोऽऽड! मचवा सुटलाऽऽ!"

आवाज बसलाय तुझा. न्हाणीघरातला नाही राहिला. खालच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले असावेत. पण तिने दोर सोडला. मचवा हलला. गाळाच्या कडेकडेने, मोठं जहाज चुकवून, एकदाही न अडता तिने तो पलीकडे नेला आणि सगळी माणसं उतरवली. तू वेळ सांगितलीस, अकरा मिनिटं. मी लिहिली. प्रश्न एकही नाही.

खुर्चीतून मागे न वळता ती म्हणाली, "आवाज काय हुबेहूब काढलात हो. अगदी आमच्या निनादसारखा."

तू म्हणालास, "हो का?"

"तो लांब असतो. यायचाय." मग थोड्या वेळाने, "चारू, त्याला पत्र टाकलंस का?"

मला चारू म्हणाली, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तू तेव्हा तिच्या खुर्चीमागे उकिडवा बसला होतास आणि खुर्चीच्या पाठीवर कपाळ टेकवलं होतंस. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. ज्या हाताने मारली होती तोच. दुसरा मोकळा नव्हता, त्यात वही होती.

परवा सर्व्हर उतरला. मला आज आठवलं. अंकिताचा मेसेज होता, तोही आत्ता बघितला. काही वाटलं नाही, आणि ह्या वेळी ते बरोबरच वाटलं.

तर पत्र का? तिने विचारलंय म्हणून. उद्या चहा झाल्यावर ती पुन्हा विचारेल, आणि तिला दाखवायला पाकीट हवं. पत्ता बंगळूरचाच घातलाय. सकाळी उन्हं चढायच्या आत तू तिला पोस्टात घेऊन जा. पेटी जरा उंच आहे, तिचा हात वर धर. टाकून झालं की ती विचारेल उत्तर कधी येईल. काय सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
ताई